स्लॅबचं वय दिवसांत नको, अंश-तासांत मोजा: कोवळं काँक्रीट न फोडता कसं तपासायचं

शटरिंग कधी काढायचं हे बहुतेक साइटवर अजूनही कॅलेंडर बघून ठरतं. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात त्याचे आकडे आहेत. कॉलम, भिंती आणि बीमच्या बाजू १६ ते २४ तासांनी. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी, तेही टेकू लगेच परत लावणार असाल तर. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी, आणि ६ मीटरहून लांब बीमचे २१ दिवसांनी. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, त्यांना जोडलेली अट मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. सिमेंट साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट) हवं आणि हवेचं तापमान १५ अंशांखाली जायला नको. आज आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवरून येणाऱ्या मालात बहुतेक वेळा सिमेंटच्या जोडीला फ्लायॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) असतं. नाशिक-निफाडकडे पौषात पहाटेचा पारा एक अंकी होतो, तर मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी ४५ अंश असतात. या दोन ठिकाणचे तीन दिवस सारखे नसतात.

खरी अट त्याच कलमात पहिल्या ओळीत दिली आहे: शटरिंग काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार असेल, त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी. म्हणजे प्रश्न ताकदीचा आहे, दिवसांचा नाही. ती ताकद स्लॅब न फोडता, पहिल्या काही तासांपासून कशी मोजत जायची ते पुढे दिलं आहे. त्यासाठी मुख्य साधनं दोन. तापमानावरून काढलेली मॅच्युरिटी, आणि अल्ट्रासॉनिक लहरीचा वेग म्हणजे यूपीव्ही. पहिलीतून हायड्रेशन, म्हणजे सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया, किती पुढे गेलं ते कळतं, दुसरीतून त्या जागी प्रत्यक्षात काय तयार झालं ते कळतं. एकटीच्या भरवशावर टेकू काढू नयेत.

मॅच्युरिटीची पद्धत १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये नर्स आणि सॉल यांच्या कामातून आली, पण तिला मान्य चाचणीपद्धतीचं रूप मिळायला अपघात व्हावे लागले. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे कूलिंग टॉवरचं मचाण कोसळून ५१ कामगार दगावले. ते मचाण आदल्या दिवशी ओतलेल्या थरावर बोल्टने टांगलेलं होतं, आणि थंड हवेत त्या थराने पुरेशी ताकद धरलेली नव्हती. एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेची सी १०७४ ही मॅच्युरिटीची पद्धत १९८७ मध्ये आली.

हिशोब कसा आहे

अंश-तास काढणं सोपं आहे. काँक्रीटचं सरासरी तापमान घ्या, त्यातून आधार-तापमान वजा करा, त्याला तासांनी गुणा, आणि ही बेरीज करत जा. आधार-तापमान म्हणजे ज्याच्या खाली ताकद वाढायची थांबते असं धरतात ते. अर्ध्या तासाच्या सुरुवातीला सेन्सरवर २६ आणि शेवटी २७ अंश असतील, तर सरासरी २६.५. आधार शून्य धरला तर त्या अर्ध्या तासाचे १३.२५ अंश-तास झाले. पहिले ४८ तास दर अर्ध्या तासाला नोंद हवी. नंतर तासाला एक चालते.

आधार किती धरायचा, यात साइटवर नेहमी गडबड होते. जुन्या पुस्तकांत उणे १० अंश दिसतो. तो आकडा थंडीत धोक्याच्या बाजूचा आहे. आपल्याकडे प्रयोगशाळेतले क्यूब, म्हणजे फोडून ताकद बघायचे काँक्रीटचे ठोकळे, २७ अंशांच्या पाण्यात पिकतात. स्लॅब १५ अंशांवर असेल, तर उणे १० धरून त्याची गती प्रयोगशाळेच्या ६८ टक्के येते आणि शून्य धरून ५६ टक्के. तापमानानुसार रासायनिक क्रियेची गती सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रात सक्रियण-ऊर्जा भागिले वायू-स्थिरांक हा आकडा नेहमीचा ५,००० केल्विन धरला तर ती ५० टक्केच भरते. म्हणजे सरळ रेषेचं सूत्र थंडीत स्लॅबला आहे त्यापेक्षा वयाने मोठा दाखवतं. उन्हाळ्यात उलटं: ४० अंशांवर शून्य-आधाराने गती १.४८ पट येते, अऱ्हेनियसने जवळपास २ पट. त्यामुळे एकच सल्ला: रोजच्या कामाला शून्य-आधार धरा, पण स्लॅब २० अंशांखाली असेल तर अऱ्हेनियसचं समतुल्य वय (तेवढीच प्रगती २७ अंशांवर व्हायला लागला असता तो वेळ) काढूनच निर्णय घ्या. एक्सेलमध्ये एक स्तंभ जास्त लागतो, एवढंच.

आधी सतरा क्यूब

कॅलिब्रेशन केल्याशिवाय अंश-तासांना काही अर्थ नाही. ज्या मिक्सने स्लॅब भरायचा आहे त्याच मिक्सचे १५० मिमीचे १७ क्यूब भरा. सिमेंटचा ब्रँड तोच, फ्लायॲशचा स्रोत तोच, ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) आणि त्याचा डोस तोच. १५ फोडायचे, दोन सेन्सरसाठी. सेन्सरचं टोक क्यूबच्या बरोबर मध्यावर हवं. लाकडी काडीला टोक बांधून काडी साच्यात ७५ मिमी खोल रोवा आणि काडीवर आधीच खूण करून ठेवा. सतराही क्यूब एकत्र, एकाच टाकीत. सेन्सरवाले दोन बाहेर टेबलावर आणि बाकीचे पाण्यात, असं झालं तर सगळं मोजमाप वाया गेलं.

फोडायचं वय १, ३, ७, १४ आणि २८ दिवस, प्रत्येकी तीन. एक दिवसाचा क्यूब ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत फोडा, कारण त्या वयात दोन तासांनीही ताकद बरीच बदलते. लोड मिनिटाला १४ एमपीए (मेगापास्कल, म्हणजे चौरस मिमीला तेवढे न्यूटन) या वेगाने, म्हणजे १५० मिमीच्या क्यूबला सेकंदाला साधारण ५.२ किलोन्यूटन. हाताने चालवायच्या जुन्या मशीनवर ऑपरेटर कोवळा क्यूब पटकन संपवून टाकतो, तिथे उभं राहा.

आणि प्रत्येक क्यूब फोडण्याआधी त्याच्या समोरासमोरच्या दोन गुळगुळीत बाजूंतून यूपीव्ही घ्या. वरची थापीने सारखी केलेली बाजू नको. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यात अंश-तास विरुद्ध ताकद आणि वेग विरुद्ध ताकद अशी दोन्ही वक्रं त्याच सतरा क्यूबांतून मिळतात.

समजा एम ३० (२८ दिवसांना ३० एमपीएच्या दर्जाच्या) मिक्सचे आकडे असे आले: १ दिवस ९ एमपीए, ३ दिवस १९, ७ दिवस २६.७, २८ दिवस ३९. क्यूबचं सरासरी तापमान २७ धरलं तर अंश-तास अनुक्रमे ६४८, १,९४४, ४,५३६ आणि १८,१४४. अंश-तासांचा लॉगरिदम आडव्या अक्षावर घेतला की हे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसतात. आता कन्सल्टंटने लेखी दिलंय की प्लेटा काढायला १८ एमपीए हवेत. रेषेवरून त्याला साधारण १,७४० अंश-तास लागतात. स्लॅबचं सरासरी तापमान ३२ अंश असेल, तर ५४ तासांत काम होतं. २० अंश असेल तर ८७ तास, म्हणजे तीन दिवस पंधरा तास. अऱ्हेनियसने हेच चार दिवस येतात. तीन दिवस झाले म्हणून ७२ तासांनी प्लेटा काढल्या असत्या, तर हातात १८ ऐवजी १५-१६ एमपीए असते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मिक्सला लावू नका. सिमेंटचा ब्रँड जरी बदलला तरी नवे सतरा क्यूब भरायचे.

सेन्सर कुठे आणि कसे

वायरलेस सेन्सर मिळतात, सोपेही आहेत, पण ब्लूटूथचा सिग्नल ओल्या काँक्रीटमध्ये लवकर मरतो. ज्याचं रेडिओ-टोक वर राहतं किंवा पृष्ठभागापासून फार तर ५० मिमी खोल जातं, असंच मॉडेल घ्या. स्वस्तात आणि भरवशाचं करायचं असेल तर टी-टाइप थर्मोकपल वायर (टोकाशी जोडलेल्या दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर), साधारण अर्धा मिमी जाडीची, आणि चार किंवा आठ चॅनेलचा लॉगर, म्हणजे आकडे नोंदवत राहणारं यंत्र.

वायरचं टोक असं करा. दोन्ही तारांचं आवरण १० मिमी सोला, तीन पीळ द्या, सोल्डरचा डाग द्या, मग इपॉक्सीत बुडवून पूर्ण झाकून टाका. नुसता पीळ देऊन सोडलेलं टोक सिमेंटच्या ओल्या, अल्कलीयुक्त पाण्यात गंजतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाचन भरकटायला लागतं. नंतर ते दुरुस्त करता येत नाही, कारण टोक तेव्हा काँक्रीटच्या पोटात असतं. तयार टोक बर्फ-पाण्याच्या मिश्रणात ० दाखवतं का, ते बघा. उकळत्या पाण्यातही बघा, पण पुण्यात तिथे १०० ची वाट पाहू नका. साडेपाचशे मीटर उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांलाच उकळतं. एक अंशाहून जास्त फरक असेल तर ती वायर टाकून द्या.

स्लॅबमध्ये टोक जाडीच्या मध्यावर ठेवा, सळईला न टेकता. सळईला प्लॅस्टिकच्या कव्हर ब्लॉकचा तुकडा बांधा आणि टोक त्यावरून १०-१५ मिमी बाहेर येऊ द्या. वायर सळईच्या खालच्या अंगाने न्या आणि दर ३०० मिमीवर केबल-टायने बांधा. बाइंडिंग वायरने आवळली तर आवरण कापलं जातं. वरच्या अंगाने नेलेल्या वायरवर भरणीच्या दिवशी पाय पडतात, फावडी पडतात, आणि व्हायब्रेटरची सुई नेमकी तिथेच घुसते. जिथे टोक आहे तिथे सळईवर लाल रंग मारून गँगला दाखवून ठेवा.

जागा निवडताना सगळ्यात थंड आणि सगळ्यात शेवटी भरलेल्या जागा शोधा. स्लॅबच्या मधोमध ठेवलेला सेन्सर सगळ्यात सुखाचे आकडे देतो, म्हणून तो सगळ्यात कमी कामाचा. कमीत कमी चार जागा हव्यात: शेवटच्या ट्रान्झिट मिक्सरचा माल पडला ती जागा, वाऱ्याकडचा उघडा कोपरा, बाल्कनी किंवा छज्जासारखा पातळ भाग, आणि मोठ्या गाळ्याचा मध्य. पोस्ट-टेन्शन स्लॅब (काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या केबल ताणायचा) असेल तर अँकरच्या मागे एक अनिवार्य. ताण देताना सगळा भार त्या कडेच्या छोट्या ठोकळ्यावर येतो, आणि कड नेहमी मधल्या भागापेक्षा थंड असते. निर्णय सर्वांत कमी अंश-तासांच्या सेन्सरवर घ्यायचा. चौघांची सरासरी काढायची नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक लॉगर सुरू करण्याच्या वेळेची आहे. सकाळी आठला लॉगर चालू केला, भरणी तिथपर्यंत पोचायला दुपारचे दोन वाजले. मधले सहा तास सेन्सर उन्हात, ४० अंशांवर. हे २४० अंश-तास काँक्रीट पडायच्या आधीच खात्यात जमा झाले. वरच्या उदाहरणात तेवढी ताकद फुकट दाखवली गेली असती. आलेखात काँक्रीट पडताच तापमानाने अचानक उडी किंवा बुडी मारलेली स्पष्ट दिसते. बेरीज तिथूनच सुरू करा, आणि प्रयोगशाळेतही हाच नियम लावा.

मॅच्युरिटीला काही गोष्टी कधीच दिसत नाहीत. ड्रायव्हरने मिक्सरमध्ये वाढवलेलं पाणी, कोपऱ्यात न फिरलेला व्हायब्रेटर, आणि पाणी न मारल्यामुळे कोरडा पडलेला पृष्ठभाग. सेन्सर उबदार आहे म्हणून बेरीज वाढत राहते, पण काँक्रीटला पाणीच नसेल तर हायड्रेशन थांबलेलं असतं. आणखी एक: पहिल्या दिवशी फार तापलेलं काँक्रीट लवकर ताकद धरतं, पण २८ दिवसांची ताकद थंडपणे पिकलेल्या काँक्रीटपेक्षा कमी राहू शकते. म्हणून मॅच्युरिटी शटरिंगसाठी वापरा, २८ दिवसांच्या स्वीकृतीसाठी नको.

पहिले बारा तास: काँक्रीट घट्ट कधी झालं

तळघराचा किंवा कारखान्याचा फ्लोअर करताना पॉवर ट्रॉवेल (फ्लोअर घोटायचं यंत्र) केव्हा चढवायचा आणि ग्रूव्ह (तडे ठरल्या जागी जावेत म्हणूनच्या खाचा) केव्हा कापायचे, हा शटरिंगपेक्षाही नाजूक प्रश्न असतो. लवकर चढवला तर पाणी आत कोंडतं आणि पृष्ठभागाची पापडी निघते. ग्रूव्ह उशिरा कापले तर तडा आधीच गेलेला असतो.

पायाभूत चाचणी आयएस ८१४२ ची आहे; २०१८ पासून ती आयएस ११९९ च्या भाग ७ मध्ये गेली आहे. काँक्रीट ४.७५ मिमीच्या चाळणीतून गाळून मॉर्टर १५० मिमीच्या भांड्यात भरायचं, वरचं पाणी पिपेटने काढायचं, आणि ठरावीक क्षेत्रफळाची सुई सुमारे दहा सेकंदांत २५ मिमी आत दाबायची. लागलेलं बल भागिले सुईचं क्षेत्रफळ. ३.५ एमपीएला प्रारंभिक सेट, २७.६ एमपीएला अंतिम सेट. सुरुवात मोठ्या सुईने करा आणि माल घट्ट होत जाईल तशी लहान सुई घ्या. आधीच्या भोकाजवळ सुई टेकवू नका, निदान १५ मिमी अंतर ठेवा. ही चाचणी नमुन्यापुरती आहे, स्लॅबचं तापमान तिला माहीत नसतं. भांडं सावलीत आणि फ्लोअर उन्हात असेल तर आकडे जुळणार नाहीत.

यूपीव्हीने हेच सतत बघता येतं. ताज्या काँक्रीटमध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे वेग अगदी कमी असतो, सेकंदाला काहीशे मीटर, म्हणजे पाण्यातल्या १,५०० पेक्षाही खाली. सिमेंटच्या कणांमधले हायड्रेशनचे धागे एकमेकांना भिडून सलग सांगाडा तयार झाला की वेग झपाट्याने चढतो आणि एका दिवसात ३,००० च्या पुढे जातो. हा चढ जिथे सर्वांत तीव्र होतो, साधारण तिथेच सेटिंग चालू असतं.

यासाठी एक पेटी करावी लागते. बारा मिमीच्या अॅक्रिलिकच्या दोन पाट्या, त्यांच्यामध्ये यू आकारात कापलेला दाट फोम किंवा रबर, आणि मध्ये ६० ते १०० मिमी काँक्रीट. प्रोब (लहर सोडणारं आणि पकडणारं टोक) पाट्यांमधल्या भोकांतून पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यामागून काँक्रीटला टेकतात. लोखंडी साचा अजिबात नको: लोखंडातून लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटरने धावते, ती काँक्रीटच्या आधी पोचते आणि मशीन तिचीच वेळ दाखवतं. ओळखायची खूण अशी: पहिल्या तासापासून वेग अडीच हजार आणि तीन-चार तास हललाच नाही, तर तुम्ही साचा मोजताय. फोम असूनही हे झालं, तर दोन पाट्यांना जोडणारे बोल्ट तपासा, त्यांना रबरी वायसर घाला.

नेहमीचे ५४ किलोहर्ट्झचे प्रोब कोवळ्या काँक्रीटमध्ये पहिले तास-दोन तास काहीच पकडत नाहीत, कारण लहर शोषली जाते. २४-२५ किलोहर्ट्झचे प्रोब असतील तर ते लावा, नाहीतर अंतर ६० मिमीपर्यंत कमी करा. अंतर कमी केलं की वेळेतली चूक महाग पडते, म्हणून मशीन आधी संदर्भ-दांड्याने शून्यावर आणा आणि दर दोन तासांनी परत बघा. दर दहा मिनिटांनी वाचन. आठ-दहा तासांनी सिग्नल एकदम कमजोर झाला, तर घाबरायचं कारण नाही. काँक्रीट आकसून प्रोबपासून किंचित सुटलेलं असतं. प्रोब स्प्रिंगने दाबून ठेवले तर हे होत नाही.

एवढी मांडामांड नको असेल, तर एका थर्मॉसमध्ये तोच माल आणि एक थर्मोकपल पुरतं. तापमानाचा आलेख आधी सपाट राहतो, मग चढतो. एकूण चढाचा साधारण पाचवा हिस्सा चढला की प्रारंभिक सेट जवळ आला. एकदा आयएस ८१४२ च्या सुईशी जुळवून घेतलं, तर पुढच्या भरण्यांना हा स्वस्त मार्ग चांगला चालतो.

साइटवर यूपीव्ही

स्लॅबच्या खालून शटरिंग असताना थेट मोजता येत नाही, वरच्याच बाजूला दोन्ही प्रोब ठेवले तर फक्त वरचा थर कळतो. म्हणून बीमच्या बाजू वापरा. १६-२४ तासांनी बाजूच्या प्लेटा निघतात, तेव्हा बीमच्या दोन बाजूंना समोरासमोर प्रोब लावून आरपार मोजता येतं. तीच खेप, तेच काँक्रीट. कॉलमला तर चारही बाजू मोकळ्या असतात.

जागा निवडताना सळई टाळा. कव्हर मीटरने रिंगा शोधून दोन रिंगांच्या मधली जागा खडूने आखा. मुख्य सळया लहरीच्या वाटेला समांतर असतील तर वेग खोटा वाढतो, आडव्या असतील तर फारसा फरक पडत नाही. पृष्ठभागावरची साय खरवडा, ग्रीस किंवा जेल पातळ लावा, प्रोब दाबून धरा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. जाडी ड्रॉइंगवरून घेऊ नका, कॅलिपरने मोजा. २३० मिमीच्या बीममध्ये ५ मिमीची चूक म्हणजे वेगात दोन टक्के.

दोन टक्के इथे फार असतात. वेग हा ताकदीच्या साधारण चतुर्थ मुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताकद दहा टक्के वाढली तर वेग जेमतेम अडीच टक्के. पहिल्या दोन-तीन दिवसांत ताकद पटीने वाढत असल्यामुळे यूपीव्ही चांगलं बोलतं. सात दिवसांनंतर त्याच्यावरून ताकद सांगणं म्हणजे अंदाजपंचे. वक्रही तुमचंच हवं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट आणि दुसरीकडचा चुनखडक किंवा ग्रॅनाइट यांची ताकद तीच असली तरी वेग वेगळा येतो. ओला क्यूब कोरड्या बीमपेक्षा काही टक्के जास्त वेग दाखवतो. बीमला पाणी मारून ओला असतानाच मोजा.

जुन्या आयएस १३३११ च्या तक्त्यात ३,००० मीटरखालच्या काँक्रीटला 'संशयास्पद' म्हटलं आहे. तो तक्ता पिकलेल्या काँक्रीटसाठी आहे. वीस तासांच्या बीमला तो लावून रिपोर्टवर लाल शेरा मारलेला दिसतो, त्याला अर्थ नाही.

रिबाउंड हॅमरचं (ठोका मारून उसळी मोजणाऱ्या हातोड्याचं) थोडक्यात सांगतो: तीन दिवसांच्या आत किंवा ७ एमपीएखाली तो वापरू नका. नेहमीच्या एन-टाइप हॅमरचा ठोका सुमारे २.२ न्यूटन-मीटरचा असतो, कोवळ्या पृष्ठभागावर तो खळगा पाडतो आणि आकडा खळग्याचा येतो. तीन दिवसांनंतरही ओलं-सुकं आणि प्लायवूड-अॅल्युमिनियम शटरिंगचा फरक त्यात मिसळतो. एकाच स्लॅबमधला कमजोर कोपरा शोधायला ठीक आहे.

दोघांचं जमलं नाही तर

समजा अंश-तास १८ एमपीए सांगतात आणि बीममधला यूपीव्ही १८ च्या खालचा वेग दाखवतो. आधी यूपीव्ही दुसऱ्या दोन जागी घ्या, सळई आणि जेल तपासा. तरीही कमी असेल, तर माल बदलला आहे असं धरा: जास्त पाणी, वेगळं सिमेंट, ॲडमिक्श्चरचा चुकलेला डोस. त्या खेपेचं डिलिव्हरी चलन काढा, प्लांटचा बॅच प्रिंटआउट मागवा, आणि स्लॅबजवळ ठेवलेले क्यूब फोडा. हे क्यूब प्लॅस्टिकने झाकून स्लॅबवरच ठेवायचे, टाकीत नाही. लहान असल्यामुळे रात्री ते स्लॅबपेक्षा जास्त थंड होतात, म्हणून त्यांचा आकडा सहसा सुरक्षित बाजूचा येतो.

उलट झालं, म्हणजे वेग बरोबर आणि अंश-तास कमी, तर बहुतेक वेळा सेन्सर थंड जागी आहे आणि बीम जाड म्हणून उबदार. अशा वेळी बीमच्या वेगावरून पातळ छज्जाचे टेकू काढू नका. छज्जा अंश-तासांवरच चालवा.

जाड राफ्ट आणि पाइल कॅप

दीड मीटर जाड राफ्टमध्ये (पायाच्या सलग स्लॅबमध्ये) प्रश्न उलटा होतो, तिथे ताकद नाही तर उष्णता सतावते. ठोकळ हिशोबाने दर घनमीटरला १०० किलो सिमेंटमागे आत सुमारे १२ अंश चढतात. ३५ अंशांना पडलेला, ४०० किलो ओपीसीचा माल मध्यावर ८० च्या वर जाऊ शकतो. आतलं तापमान ७० अंशांच्या वर गेलं की पुढे उशिरा एट्रिंगाइट नावाचे फुगणारे स्फटिक तयार होऊन वर्षांनंतर तडे जाण्याचा धोका असतो. मध्य आणि पृष्ठभाग यांच्यात २० अंशांहून जास्त फरक पडला तर पृष्ठभागावर तडे लगेच जातात.

एका जागी एकाखाली एक तीन सेन्सर लावा: वरून ५० मिमीवर, मध्यावर, तळापासून ५० मिमीवर. चौथा सावलीत हवेसाठी. शिखर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, तोवर दोन तासांनी बघायचं. फरक १५ च्या वर सरकायला लागला, की पृष्ठभाग गार करायचा नाही, झाकायचा: थर्माकोल, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर ओली गोणपाटं. नेमकं इथेच नळाचं गार पाणी सोडून तडे पाडले जातात. पृष्ठभागावर पाणी ठेवायचंच असेल, तर ते राफ्टवर साठून कोमट झालेलं असू द्या.

मध्य आणि हवा यांच्यातला फरक २० अंशांच्या आत आल्यावरच झाकण काढायला घ्या. एका दिवसात एक थर, तोही दुपारी, आणि शेवटचा थर निघाल्यावर लॉगर आणखी एक रात्र चालू ठेवा.